मार्टिन ल्यूथर किंग दिन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी पाळला जाणारा राष्ट्रीय सुटीचा दिवस. नागरी हक्कांच्या चळवळीचे कृष्णवर्णीय नेते व बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग, धाकटे (१५ जानेवारी १९२९–४ एप्रिल १९६८) यांच्या जन्मदिनाप्रीत्यर्थ १९८६ पासून तो देशभर पाळण्यात येतो [→ किंग, मार्टिन ल्यूथर]. तिसरा सोमवार १५ ते २१ या तारखांच्या दरम्यान येतो. त्यामुळे प्रत्यक्ष जन्मतिथीशी त्याचा मेळ काही वर्षीच बसतो. राष्ट्राध्यक्षपद न भूषविलेल्या अमेरिकन नागरिकाच्या नावे असलेली ही पहिलीच राष्ट्रीय सुटी होय. १९९४ च्या कायद्याने या दिवसाला सेवादिनाचेही स्वरूप प्राप्त झाले. मिरवणुका, प्रार्थनासभा, व्याख्याने, विद्यापीठांतील परिसंवाद आणि वस्त्यांमधील स्वयंसेवी कामे ही त्याची प्रमुख अंगे आहेत.

स्थापना : टेनेसी राज्यातील मेंफिस शहरी किंग यांची हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांनी, ८ एप्रिल १९६८ रोजी, मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी राष्ट्रीय सुटीचे विधेयक काँग्रेसपुढे मांडले. ते लवकर संमत होण्याची चिन्हे नव्हती. किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी अटलांटा येथे त्याच वर्षी स्मारककेंद्राची स्थापना केली आणि जानेवारी १९६९ पासून तेथे जन्मदिनाचा वार्षिक कार्यक्रम सुरू झाला. कायद्याची वाट न पाहता अनेक कामगार संघटनांनी मालकांशी होणाऱ्या करारांतच या सुटीची मागणी केली. १९७३ मध्ये इलिनॉय राज्याने कायद्याने सुटी जाहीर करून पहिले पाऊल टाकले. राष्ट्रीय सुटी होण्यापूर्वी हा दिवस अशा रीतीने वस्त्या, चर्च, कारखाने आणि विद्यालये यांतून आधीच रुजला होता.

अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पाठिंबा दिल्यानंतर १९७९ मध्ये विधेयक प्रतिनिधिगृहात मतास आले. परंतु आवश्यक दोन-तृतीयांश बहुमतास पाच मते कमी पडली. आणखी एका सुटीमुळे सरकारी तिजोरीवर पडणारा भार आणि कोणतेही सार्वजनिक पद न भूषविलेल्या व्यक्तीला असा मान देण्याचे औचित्य, हे विरोधकांचे मुख्य मुद्दे होते. गायक स्टीव्ही वंडर यांनी १९८० मध्ये या मागणीसाठी एक गीत प्रसिद्ध केले व पुढील वर्षी वॉशिंग्टन येथील मेळाव्यात भाग घेतला. १९८२ मध्ये सुमारे साठ लाख सह्यांचे निवेदन काँग्रेसला सादर झाले. इंडियानाच्या प्रतिनिधी केटी हॉल यांनी सुटी सोमवारी ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक मांडले, तेव्हा खर्चाच्या आक्षेपाची धार कमी झाली. ते प्रतिनिधिगृहात २ ऑगस्ट १९८३ रोजी ३३८ विरुद्ध ९० मतांनी संमत झाले. सीनेटमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे सदस्य जेसी हेल्म्स यांनी किंग यांच्यावर साम्यवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप करून तीव्र विरोध केला. तथापि १९ ऑक्टोबर रोजी ७८ विरुद्ध २२ मतांनी तेथेही ते मंजूर झाले. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. पहिली राष्ट्रीय सुटी २० जानेवारी १९८६ रोजी पाळण्यात आली.

राज्यांची भूमिका : अमेरिकेत काँग्रेसने जाहीर केलेली सुटी केवळ संघीय कार्यालयांस बंधनकारक असते, राज्यांनी ती स्वतंत्रपणे स्वीकारावी लागते. त्यामुळे १९८३ नंतरही वाद शमला नाही. ॲरिझोनामध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी १९८६ मध्ये आदेश काढून दिलेली सुटी त्यांचे उत्तराधिकारी एव्हन मेकम यांनी १९८७ मध्ये रद्द केली. १९९० च्या सार्वमतात सुटीचे प्रस्ताव फेटाळले गेले, तेव्हा राष्ट्रीय फुटबॉल संघटनेने १९९३ चा अंतिम सामना त्या राज्यातून हलवून कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे नेला. १९९२ मध्ये मतदारांनी आपला कौल बदलला. न्यू हँपशरने प्रथम ‘नागरी हक्क दिन’ असे नाव दिले व १९९९ मध्ये त्यास किंग यांचे नाव जोडले. साउथ कॅरोलायनाने २००० मध्ये सर्व राज्य कर्मचाऱ्यांना सुटी देणारा कायदा केला. असे करणारे ते अखेरचे राज्य ठरले.

दक्षिणेकडील काही राज्यांत हा दिवस यादवी युद्धातील दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या जन्मदिनाशी (१९ जानेवारी) जोडण्यात आला. व्हर्जिनियाने ही जोडणी २००० मध्ये आणि आर्कन्सॉने २०१७ मध्ये मोडली. ॲलाबॅमा व मिसिसिपी यांनी ती पुढेही चालू ठेवली. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या पक्षाचा सेनापती आणि तिच्या अवशेषांविरुद्ध लढलेला नेता यांचे स्मरण एकाच सुटीत करणाऱ्या या व्यवस्थेवरून, सुटी मिळणे आणि तिच्यामागील विचार मान्य होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

विद्यापीठे आणि चळवळ : किंग दिनाच्या कार्यक्रमांत विद्यापीठांना जे स्थान आहे, त्याचे मूळ चळवळीच्या इतिहासात आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या कृषी व तंत्र महाविद्यालयातील चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ग्रीन्झबरो येथील वुलवर्थ दुकानाच्या, केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या, उपाहार-टेबलाशी जाऊन बसले व सेवा नाकारली गेली तरी उठले नाहीत. हा बैठा सत्याग्रह काही आठवड्यांत दक्षिणेतील अनेक शहरांत पसरला. एप्रिल १९६० मध्ये रॉली येथील शॉ विद्यापीठात एला बेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेतून विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली.

या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्यांत जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हे अग्रगण्य होत. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल त्यांनी कारावास भोगला होता. सुटकेनंतर मेथडिस्ट पंथाचे मिशनरी म्हणून ते नागपूरला आले आणि १९५३ ते १९५६ या काळात त्यांनी हिस्लॉप महाविद्यालयात काम केले. गांधीजींच्या सत्याग्रह-तंत्राचा अभ्यास त्यांनी येथे केला आणि माँटगोमेरीतील कृष्णवर्णीयांच्या बस-बहिष्काराची वार्ताही त्यांना नागपुरातच वृत्तपत्रांतून कळली. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. किंग यांनी त्यांना विलंब न करता दक्षिणेत येण्याची विनंती केली. नॅशव्हिल येथे लॉसन यांनी विद्यार्थ्यांसाठी शिबिरे घेतली. शिव्या व मार सहन करून हात न उगारण्याचा सराव त्यांत करून घेतला जाई. तेथील सत्याग्रहामुळे मे १९६० मध्ये शहरातील उपाहार-टेबले कृष्णवर्णीयांना खुली झाली. चळवळीतील सहभागाबद्दल व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले होते. स्वतः किंग यांनीही फेब्रुवारी–मार्च १९५९ मध्ये भारताचा दौरा केला आणि मुंबईत गांधीजींचे निवासस्थान असलेल्या मणिभवनास भेट दिली.

राष्ट्रीय सुटी सुरू झाल्यानंतर विद्यापीठांनी ती कशी पाळावी, हा प्रश्न उभा राहिला. अनेक ठिकाणी नियमित वर्ग चालूच राहत. मिशिगन विद्यापीठात १९८७ मध्ये वांशिक अपमानाच्या घटनांविरुद्ध कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. किंग दिनी वर्ग बंद ठेवून तो विचारमंथनासाठी द्यावा, ही त्यांची एक मागणी होती व ती पुढे मान्य झाली. तेथील वार्षिक परिसंवादात व्याख्याने, नाट्यप्रयोग, संगीत आणि निरनिराळ्या विद्याशाखांच्या चर्चा यांचा समावेश असतो. याच विद्यापीठात नोव्हेंबर १९६२ मध्ये किंग यांचे भाषण झाले होते. इतर विद्यापीठांतही कमीअधिक प्रमाणात हाच साचा आढळतो : एखाद्या कार्यकर्त्याचे वा विद्वानाचे प्रमुख व्याख्यान, मेणबत्त्या घेऊन निघणारी मिरवणूक, सामुदायिक भोजन, शालेय मुलांच्या निबंध व वक्तृत्व स्पर्धा आणि स्थानिक कार्यकर्त्यांचा सत्कार. विद्यापीठ आणि शेजारची वस्ती यांतील अंतर कमी करणे, हा या कार्यक्रमांचा प्रकट हेतू असतो.

सेवादिन : पेनसिल्व्हेनियाचे सीनेट-सदस्य हॅरिस वॉफर्ड आणि जॉर्जियाचे प्रतिनिधी जॉन लूइस यांच्या प्रयत्नाने ‘किंग हॉलिडे अँड सर्व्हिस ॲक्ट’ संमत झाला व अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २३ ऑगस्ट १९९४ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. दोघांचाही चळवळीशी निकटचा संबंध होता. वॉफर्ड यांनी १९४९ मध्ये भारतात येऊन गांधीविचाराचा अभ्यास केला होता. लूइस हे नॅशव्हिल येथील लॉसन यांच्या शिबिरांत तयार झालेले विद्यार्थी-कार्यकर्ते होते. हा दिवस विश्रांतीचा नसून कामाचा असावा, हे या कायद्यामागील सूत्र होय. शाळांच्या भिंती रंगविणे, उद्याने स्वच्छ करणे, अन्नधान्याची पाकिटे भरणे, वृद्धांच्या घरांची डागडुजी करणे, मतदार-नोंदणी, रक्तदान इ. कामे या दिवशी हाती घेतली जातात. विद्यार्थी, चर्चमंडळे, उद्योगसंस्थांतील कर्मचारी आणि वस्तीतील रहिवासी त्यांत एकत्र येतात.

फिलाडेल्फियातील सेवादिन देशात विशेष मोठा मानला जातो. तेथील मुख्य कार्यक्रम अनेक वर्षे जिरार्ड कॉलेज या निवासी शाळेच्या आवारात होत आला आहे. स्टीफन जिरार्ड यांच्या मृत्युपत्रानुसार १८४८ मध्ये उघडलेल्या या शाळेत केवळ निराधार गोऱ्या मुलांनाच प्रवेश असे. १९६५ मध्ये शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांनी सेसिल मूर यांच्या नेतृत्वाखाली शाळेच्या उंच तटभिंतीबाहेर सात महिन्यांहून अधिक काळ निदर्शने केली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये किंग यांनी तेथे भाषण केले. न्यायालयीन लढ्यानंतर १९६८ मध्ये पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. ज्या भिंतीबाहेर हक्क मागावे लागले, तिच्याच आत आता सर्व वर्णांचे नागरिक सेवाकार्यासाठी जमतात. या एका स्थळात हक्कांचा लढा आणि सेवादिन यांतील नाते स्पष्टपणे दिसते.

इतरत्र दिवसाचा मुख्य भाग मिरवणुकीचा असतो. टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथील पदयात्रा देशातील सर्वांत मोठ्या पदयात्रांत गणली जाते. अटलांटा येथील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये, जेथे किंग व त्यांचे वडील धर्मोपदेशक होते, दरवर्षी स्मरणार्थ प्रार्थनासभा होते.

टीका व मूल्यमापन : सेवादिनाच्या स्वरूपाविषयी अभ्यासक व कार्यकर्ते यांत मतभेद आहेत. टीकाकारांच्या मते, भिंती रंगविण्याच्या कार्यक्रमांनी किंग यांचे स्मरण निरुपद्रवी बनविले आहे. १९६३ च्या वॉशिंग्टन येथील भाषणातील एका स्वप्नापुरतीच त्यांची ओळख उरते. व्हिएटनाम युद्धास त्यांनी १९६७ मध्ये केलेला उघड विरोध किंवा सर्व वर्णांच्या दरिद्री जनतेला एकत्र आणून राजधानीवर नेण्याची त्यांची योजना विस्मृतीत जाते. आज सर्व पक्ष त्यांचा गौरव करीत असले, तरी १९६६ मधील गॅलप पाहणीत सुमारे ६३ टक्के अमेरिकनांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदविले होते. दान आणि सेवा यांनी अन्यायाचे परिणाम सौम्य होतात. अन्यायाची कारणे दूर होत नाहीत, असा या टीकेचा आशय आहे.

सेवादिनाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की हक्कांची चळवळ मूलतः स्थानिक सहभागातूनच उभी राहिली. माँटगोमेरीचा बहिष्कार ३८१ दिवस टिकला, तो लोकांनी परस्परांना मोटारींतून कामावर पोहोचविण्याची व्यवस्था केल्यामुळे. शेजाऱ्यांची ओळख होणे आणि एकत्र काम करण्याची सवय लागणे, ही त्यांच्या मते राजकीय कृतीची पूर्वतयारीच होय.

या वादाचा विचार करताना मेंफिस येथील घटनाक्रम लक्षात घ्यावा लागतो. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तेथील कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मृत्यू पावले. त्यानंतर १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगारांनी संप पुकारला. ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन ते शहरातून फिरत. संपास साहाय्य करणाऱ्या समितीचे प्रमुख त्या शहरात धर्मोपदेशक असलेले जेम्स लॉसन हेच होते आणि त्यांच्याच निमंत्रणावरून किंग तेथे गेले. ४ एप्रिल रोजी त्यांची हत्या झाली. १६ एप्रिल रोजी नगरपालिकेने संघटनेस मान्यता देऊन वेतनवाढ कबूल केली आणि संप मिटला. किंग यांचे अखेरचे कार्य एका शहरातील कचरा उचलणाऱ्यांच्या मजुरीचे व सुरक्षिततेचे होते. सेवा आणि हक्क यांची फारकत त्यात नव्हती. किंग दिनी रस्ता झाडणाऱ्या विद्यार्थ्याला, तो रस्ता एरवी कोण झाडतो व त्यास काय मिळते, हा प्रश्न पडला, तर सुटीचा हेतू साध्य होतो. कायद्याने दिवस राखून ठेवता येतो. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक गावाला व विद्यापीठाला दरवर्षी नव्याने ठरवावा लागतो.