लासलगावचा कोबाल्ट

नांदगाव तालुक्यातला उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. पात कापायची, माल सुकवायचा, प्रतवारी करून चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचं. पण कांदा थांबत नाही. पाऊसकाळ लागला की वजन घटतं, काही माल सडतो आणि दिवाळी जवळ येईपर्यंत उरलेल्याला कोंब फुटू लागतात. चार-पाच महिन्यांच्या साठवणुकीत तीस-चाळीस टक्के घट जिल्ह्यात नेहमीचीच मानली जाते.

या नुकसानीतल्या कोंबांच्या वाट्यावर पक्का उपाय करणारं यंत्र याच जिल्ह्यात आहे. मनमाडच्या एका अंगाला नांदगाव, दुसऱ्या अंगाला लासलगाव. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, म्हणजेच 'कृषक', 2002 मध्ये सुरू झालं. त्याची सगळी ताकद एका किरणोत्सर्गी धातूत आहे: कोबाल्ट-60.

किरणोत्सर्गी मूलद्रव्यं पुष्कळ आहेत. मग कोबाल्टच का? उत्तर अर्धायुष्यात आहे. साठ्यातले निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. टायटॅनियमची दोन रूपं शेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो. टायटॅनियम-45 बनवायला सायक्लोट्रॉनमध्ये स्कँडियमवर प्रोटॉनचा मारा करतात. त्याचं अर्धायुष्य जेमतेम तीन तासांचं. पेट स्कॅनसाठी संशोधक त्याचा अभ्यास करतात, पण ते बनेल तिथून फार लांब नेता येत नाही. टायटॅनियम-44 सुमारे साठ वर्षांनी निम्मं होतं. ते मोठ्या प्रमाणावर तयार होतं ताऱ्यांच्या स्फोटात. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एका ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे शिवकाळाच्या आसपास, पृथ्वीवर पोचला असावा. त्या अवशेषात आजही शिल्लक असलेल्या टायटॅनियम-44 चा नकाशा नासाच्या नुस्टार दुर्बिणीने 2014 मध्ये मांडला. एक फार लवकर संपतं, दुसरं इतकं सावकाश विघटित होतं की थोड्या साठ्यातून त्या मानाने कमी किरण मिळतात, शिवाय पृथ्वीवर हवं तेवढं बनवताही येत नाही.

कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य 5.27 वर्षांचं आहे. दूरवर नेऊन वर्षानुवर्षं वापरता येईल इतकं लांब, आणि थोड्या धातूतून भरपूर किरण मिळतील इतकं आखूड. निसर्गात सापडणारा कोबाल्ट सगळा कोबाल्ट-59, पूर्ण स्थिर. तो अणुभट्टीत ठेवला की त्याचं अणुकेंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं आणि कोबाल्ट-60 होतं. भारतात हे काम राजस्थानात रावतभाट्यासारख्या ठिकाणी, वीज बनवणाऱ्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत होतं. तयार माल स्टेनलेस स्टीलच्या बंद नळ्यांमध्ये सील होतो. या नळ्यांना तिथली माणसं 'पेन्सिल' म्हणतात. ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था त्या देशभरच्या केंद्रांना पुरवते.

विघटन होताना कोबाल्टचं निकेल बनतं आणि 1.17 व 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण बाहेर पडतात. जाड काँक्रीटच्या भिंतींआड, वळणावळणाच्या वाटेने कांद्याचे खोके या पेन्सिलींभोवती फिरून बाहेर येतात. यंत्र चालवणाऱ्याला एक हिशेब सतत सांभाळावा लागतो. स्रोताची ताकद दरवर्षी सुमारे बारा टक्क्यांनी उतरते, म्हणून तीच मात्रा द्यायला माल दरवर्षी जास्त वेळ आत ठेवावा लागतो, आणि अधूनमधून नव्या पेन्सिली भरून घ्याव्या लागतात.

कांद्याला मात्रा लागते फक्त 60 ते 90 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक). तेवढ्याने गाभ्यातल्या कोंबाच्या पेशींची विभागणी कायमची थांबते. बाहेरचे जाड पापुद्रे तसेच राहतात, कारण तिथल्या पेशी वाढून झालेल्या असतात. किरण दिलेला कांदा काही महिन्यांनी उभा चिरला, तर मधोमध बारीकशी तपकिरी खूण दिसते. तोच थिजलेला कोंब. काढणीनंतर दोन-चार आठवड्यांत किरण दिले असतील तर ती खूण जेमतेम नजरेत येते. उशीर झाला, कोंब आत लांबला, की तपकिरी रेघ मोठी होते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून वेळ गाठणं इथे फार महत्त्वाचं.

असा कांदा किरणोत्सर्गी होतो का? नाही. कोबाल्ट नळीत बंद असतो, कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही. आणि त्याच्या गॅमा किरणांत अन्नातले अणू किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जा नसते. भारतात कांदा-बटाट्यावर या प्रक्रियेला 1994 पासून परवानगी आहे.

तरीही कृषकची ओळख कांद्यापेक्षा आंब्याने झाली. 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हा किमान 400 ग्रेची अट घातली. फळातली कीड पुढे वाढू नये हा हेतू. कोकणचा हापूस त्यासाठी लासलगावला आला. निर्यातीच्या आंब्याला प्रक्रियेचा खर्च सोसतो. कांद्याचं गणित वेगळं आहे. किरण कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत, वजनातली घटही थांबवत नाहीत. प्रक्रिया करून कांदा पुन्हा त्याच दमट चाळीत टाकला, तर अर्धंच काम झालं. त्यातच आपला कांदा हंगामात एकदम येतो, आणि प्रक्रियेची नेमकी वेळ हीच बाजारातल्या गर्दीची वेळ.

म्हणून किरणांना शीतगृहाची जोड हवी. केंद्र सरकारने 2023 मध्ये राखीव साठ्यातल्या कांद्यावर विकिरण करून तो थंड साठवणुकीत ठेवण्याचा प्रयोग हाती घेतला, ती दिशा योग्य आहे. पण राखीव साठा सरकारचा असतो. नांदगावच्या शेतकऱ्याला हवी आहे काढणीच्या महिन्यात आपल्या नावची एक पाळी, नेण्या-आणण्याचा परवडणारा खर्च आणि शीतगृहात जागा. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बाजार समित्यांनी एकत्र माल गोळा केला, तर हे जमण्यासारखं आहे. विज्ञानाने आपला वाटा कधीच पुरा केला आहे. लासलगावातला कोबाल्ट कांदा येवो न येवो, दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतच राहणार. त्याचा प्रत्येक हंगाम वापरून घेणं हे आता आपल्या व्यवस्थेचं काम आहे.