विश्लेषण : साठीनंतर व्हिटॅमिनच्या गोळ्या किती गरजेच्या, किती धोक्याच्या?

साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी आता आणखी एक रांग दिसते. कॅल्शियम, डी३, बी१२, मल्टिव्हिटॅमिन, फिश ऑइल, प्रोटीन पावडर. काही डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, काही शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, तर काही अमेरिकेतल्या मुलाने सुटीवर येताना आणलेल्या. यातल्या काही गोळ्या खरोखर गरजेच्या असतात, काहींचा उपयोग शून्य असतो आणि काही चुकीच्या मात्रेत किंवा चुकीच्या औषधासोबत घेतल्यास थेट रुग्णालयात पोहोचवतात. हा फरक ओळखायचा कसा?

सप्लिमेंट हे औषध की अन्न?

भारतात सप्लिमेंटची विक्री अन्न सुरक्षा कायद्याखाली होते. त्यासाठी ‘एफएसएसएआय’चे २०१६ चे स्वतंत्र नियम आहेत. डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी ते रुग्णांवर काम करते हे चाचण्यांतून दाखवावे लागते. सप्लिमेंटला ही पायरी ओलांडावी लागत नाही. त्यामुळे ते मेडिकलच्या दुकानात मिळते आणि गोळीसारखे दिसते, तरी त्यामागे औषधाइतका पुरावा असेलच असे नाही.

वय वाढल्यावर शरीराची गरज का बदलते?

वयानुसार भूक कमी होते, दात त्रास देतात, जेवण दोन पोळ्यांवरून एकीवर येते. पण काही पोषकद्रव्यांची गरज तेवढीच राहते किंवा वाढते. त्वचेची उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता घटते. पोटातील आम्ल कमी झाल्याने अन्नातले बी१२ सुटे होऊन शोषले जाण्यात अडचण येते. स्नायूही झिजू लागतात. म्हणजे वयस्कर माणसाला सप्लिमेंटची गरज पडण्याची शक्यता तरुणापेक्षा जास्त असते, हे खरेच आहे. मात्र वयामुळे मूत्रपिंडाची क्षमताही कमी झालेली असते आणि रोजची औषधेही जास्त असतात. त्यामुळे चुकीची गोळी सहन करण्याची ताकद कमी असते.

फायदा नेमका कुठे दिसतो?

बी१२ : महाराष्ट्रासाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांत बी१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्यामागचे मोठे कारण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्ये हा धोका आणखी वाढतो. तळपायाला मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. गोळीतले बी१२ आधीच सुटे असल्याने ते कमी आम्लातही शोषले जाते. म्हणून इथे गोळी खरोखर उपयोगी पडते.

रोजची गरज सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम असताना गोळी १५०० मायक्रोग्रॅमची का? कारण मोठ्या डोसपैकी साधारण एक टक्काच रक्तात जातो. शिल्लक बी१२ शरीराबाहेर टाकले जात असल्याने विषबाधेची भीती फारशी नसते. एक सावधगिरी मात्र हवी. बी१२ न तपासता केवळ फॉलिक ॲसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी आत सुरूच राहते.

डोळे : मॅक्युलर डीजनरेशन या दृष्टिपटलाच्या आजाराच्या मधल्या टप्प्यात ल्युटिन, झिंक वगैरेंचे ठरावीक मिश्रण आजार पुढे जाण्याचा वेग कमी करू शकते. ते नेत्रतज्ज्ञाने सांगितल्यावर घ्यायचे. ज्यांना हा आजार नाही, त्यांचा चष्म्याचा नंबर त्याने उतरत नाही.

‘ड’ आणि कॅल्शियम : कमतरता किंवा ऑस्टिओपोरोसिस असेल तर ते उपचाराचा भाग असतात. ७५ वर्षांवरील व्यक्तींनी ‘ड’ जीवनसत्त्व घ्यावे, असे एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही सुचवतात. मात्र पन्नाशीनंतर मोठे डोस अधूनमधून घेण्याऐवजी रोजचा छोटा डोस बरा, असेही त्या सांगतात.

कमतरता नसताना ‘असू दे’ म्हणून घेतल्या तर?

इथे मोठ्या चाचण्यांनी अपेक्षाभंग केला आहे. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत पन्नाशीपुढच्या २५,८७१ जणांपैकी काहींना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २००० आययू ‘ड’ जीवनसत्त्व आणि एक ग्रॅम ओमेगा-३, तर काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या देण्यात आल्या. कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमुख झटके यांत लक्षणीय घट झाली नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. ‘ड’ घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाणही कमी झाले नाही, हे २०२२ मध्ये समोर आले.

काही ठिकाणी तर उलटेच घडले. भाज्या-फळे खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यात बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. व्हिटॅमिन ई रोज ४०० आययू घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे अमेरिकेतील ‘सिलेक्ट’ चाचणीत २०११ मध्ये दिसले. गाजर खाणे आणि गाजरातला एक घटक गोळीतून भरपूर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या पाकिटात इतका धोका का?

बी१२ प्रमाणे ‘ड’ सहज बाहेर जात नाही. ते चरबीत साठते. ज्येष्ठांची रोजची गरज ८०० आययू मानली जाते आणि देखरेखीशिवाय रोज ४००० आययूपेक्षा जास्त घेऊ नये, असा संकेत आहे. आपल्याकडे सर्रास मिळणारे पाकीट ६०,००० आययूचे असते. कमतरता असल्यास डॉक्टर ते आठवड्यातून एकदा, काही आठवड्यांपुरते देतात. तेच चुकून रोज घेतले तर डोस सुरक्षित मर्यादेच्या १५ पट होतो. आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने घेत राहणे ही दुसरी नेहमीची चूक.

यातून रक्तातील कॅल्शियम वाढते. भूक मरणे, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. पुढे मूत्रपिंडावर परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख आययूचा डोस देऊन पाहिला, तेव्हा त्यांचे पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले.

कॅल्शियमचा हिशेब कसा करायचा?

ज्येष्ठांची गरज रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम धरू. २०० मिली दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. दोन ग्लास दूध किंवा तेवढे दही, आणि ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी असेल तर साडेसहाशेच्या आसपास आहारातूनच येते. भाजी-डाळीचे वेगळे. म्हणजे अशा व्यक्तीला फार तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. दोन-तीन गोळ्यांनी हाडे दुप्पट मजबूत होत नाहीत. मुतखड्याची शक्यता मात्र वाढते.

चालू औषधांशी टक्कर कुठे होते?

• थायरॉइडची गोळी : कॅल्शियम किंवा लोह सोबत घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. किमान चार तासांचे अंतर हवे.

• रक्त पातळ करणारी औषधे : वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमारोल सुरू असताना व्हिटॅमिन के असलेले सप्लिमेंट घेतल्यास औषधाचा परिणाम कमी होतो. व्हिटॅमिन ई किंवा फिश ऑइलच्या मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो.

• मूत्रपिंडाचा आजार : प्रोटीन पावडर, कॅल्शियम आणि पोटॅशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मधुमेहींनी प्रोटीन पावडरमधील साखरही पाहावी.

• वनौषधी : ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. अश्वगंधा आणि हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतली हळद आणि हा अर्क यांची मात्रा एक नसते.

केसांसाठीच्या बायोटिन गोळ्यांचा धोका आणखी वेगळा आहे. त्या रक्ततपासणीच्या यंत्रालाच चकवतात. थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात तपासला जाणारा ट्रोपोनिन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. म्हणून तपासणीपूर्वी लॅबला आणि डॉक्टरांना बायोटिनबद्दल सांगायलाच हवे.

लेबलवर काय पाहायचे?

पहिले, एकक. परदेशी डब्यांवर ‘ड’ मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू, त्यामुळे २० मायक्रोग्रॅम म्हणजे ८०० आययू. दुसरे, कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिले असेल तर त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. तिसरे, बेरीज. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि आठवड्याचे पाकीट या तिन्हींत ‘ड’ असू शकते. नावे वेगळी, घटक तोच.

मग सगळ्या गोळ्या बंद करायच्या का?

नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करणेही धोक्याचेच आहे. घरातल्या प्रत्येक डब्याच्या आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि ऑनलाइन मागवलेले काहीही वगळू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते दाखवून प्रत्येक गोळीबद्दल तीन प्रश्न विचारा : ही कोणत्या कमतरतेसाठी आहे, किती दिवस घ्यायची आणि पुन्हा तपासणी केव्हा करायची? ज्या गोळीबाबत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ती चालू ठेवायची का हे तिथेच ठरवून घ्या. परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून आई-वडिलांसाठी डबे पाठवणाऱ्यांनीही पुढची ऑर्डर देण्याआधी ही यादी मागवून पाहावी.