अश्वपरीक्षा आणि उडीची शर्यत

ठाण्याच्या उत्तरेस उल्हास नदीच्या खाडीकांठीं कोलशेत हें गांव आहे. वसईच्या मुखांतून आंत शिरणारें गलबत घोडबंदरावरून पूर्वेकडे येतें आणि कोलशेतच्या समोरून पुढें ठाण्याकडे किंवा कल्याणकडे जातें. घोडबंदर या नांवावरून तेथें अरबी घोडे उतरत असत, अशी समजूत या भागांत रूढ आहे. नांवावरून एखाद्या शोधाची दिशा सांपडूं शकते. पण नांव म्हणजे पुरावा नव्हे. सुदैवानें ठाण्याच्या घोड्यांविषयींचा पुरावा अन्यत्र मिळतो. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें इ. स. १२९८ त आपला जो वृत्तांत सांगून लिहविला, त्यांत ठाण्याचें वर्णन आहे. तेथील राजाचा चांच्यांशीं करार असून, लुटींतील घोडे तेवढे राजास द्यावे व बाकीचा माल चांच्यांनीं ठेवावा, असा तो करार होता. राजाजवळ घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजांत इतर मालाबरोबर घोडे असत, असें कारणही तो देतो. ही साक्ष ठाण्याच्या राजाविषयींची आहे, घोडबंदरच्या धक्क्याविषयींची नव्हे. एवढी मर्यादा संभाळून ती घेतली पाहिजे.

समुद्रावरून आलेल्या अनोळखी घोड्याची पारख कशी करावी, हा प्रश्न या किनाऱ्यावर त्यामुळें जुनाच आहे. प्रस्तुत लेखांत त्याचें एक विशिष्ट रूप घेतलें आहे. उद्यां शर्यत आहे. अमुक घोडे धांवणार आहेत. वाटेंत इतकीं कुंपणें व खंदक उडून जावयाचे आहेत. तर प्रत्येक घोड्याचा जिंकण्याचा संभव किती, हें कशावरून ठरवावें?

आपल्याकडील अश्वशास्त्राचा आद्य आचार्य शालिहोत्र मानला जातो. जयदत्ताचा अश्ववैद्यक व नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्सित हे ग्रंथ कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेंत इ. स. १८८७ त छापले गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानें नकुलाच्याच नांवावरील अश्वशास्त्र हा सचित्र ग्रंथ इ. स. १९५२ त प्रसिद्ध केला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत वाजिवाह्याली या विनोदाचें स्वतंत्र प्रकरण असून त्यांत घोड्यांची पारख आणि घोड्यांवर बसून खेळावयाचा चेंडूचा खेळ हीं दोन्हीं आलीं आहेत. हें कल्याण आपल्या खाडीवरचें नव्हे, बिदरकडील बसवकल्याण होय. दोहोंची गल्लत पुष्कळदां होते म्हणून येथें सांगून ठेवितों.

या परंपरेंतील परीक्षा दोन प्रकारची आहे. पहिली लक्षणांची : रंग, पांढरे पाय, अंगावरील केसांचे आवर्त म्हणजे भोंवरे. दुसरी गतीची. अमरकोशांत घोड्याच्या आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित व प्लुत अशा पांच गती सांगितल्या आहेत. त्यांतील शेवटली प्लुत ही उडीची गती होय. मराठींत पहिल्या परीक्षेचे शब्द अद्यापि जिवंत आहेत. चार पाय व तोंड पांढरें असलेला घोडा पंचकल्याण म्हणून शुभ. देवमण हा भोंवरा भाग्याचा. गोमेची जागा व दिशा पाहून घोडा घ्यावा किंवा टाकावा, असा प्रघात आहे.

पण या दोन परीक्षा दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात. भोंवरा पाहणारा विचारतो, 'हा घोडा धन्यास लाभेल काय?' गति पाहणारा विचारतो, 'हा घोडा सांगितलेलें काम करील काय?' पहिल्याचें उत्तर खोटें ठरविणें जवळजवळ अशक्य, कारण भाग्य कोणत्याही प्रसंगीं जुळवितां येतें. दुसऱ्याचें उत्तर दोन कोसांत खरें किंवा खोटें ठरतें. मराठ्यांच्या फौजेचा व्यवहार या दुसऱ्या प्रश्नावर उभा होता. सभासदानें शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना दिली आहे, तींत पंचवीस बारगिरांमागें एक हवालदार, आणि तितक्यांसाठींच एक पखालजी व एक नालबंद आहे. घोड्याचें पाणी व घोड्याचा खूर यांची तजवीज ज्या व्यवस्थेनें प्रत्येक पंचविसांमागें केली, ती घोडा कशानें चालतो व कशानें अडतो हें जाणत होती. भीमथडीच्या तट्टांची कीर्तिही रूपाची नाहीं. थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारण्याची आहे.

मुंबईंत शर्यतींची संस्था इ. स. १८०२ पासून चालत आली. प्रथम भायखळ्यास व इ. स. १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती होऊं लागल्या. पुण्याचें मैदान इ. स. १८३० चें. या शर्यती मुख्यत्वें सपाट मैदानावरच्या. उडीच्या शर्यतींचें माहेर आयर्लंड. इ. स. १७५२ त तेथील दोघां गृहस्थांनीं एका गांवच्या देवळाच्या शिखरापासून दुसऱ्या गांवच्या शिखरापर्यंत, मधलीं कुंपणें व ओढे उडत, पैज मारली अशी कथा सांगतात. त्या शिखरावरूनच स्टीपलचेस हें नांव पडलें. इंग्लंडांत लिव्हरपूलजवळ एंट्री येथील ग्रँड नॅशनल ही शर्यत या प्रकारांत सर्वांत प्रसिद्ध असून तिची परंपरा इ. स. १८३९ पासून मोजतात. सवाचार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या, असें तिचें स्वरूप आहे.

अशा शर्यतींतील घोड्यांचा अंदाज करणारा जाणता मनुष्य काय पाहतो? प्रथम घोड्याची मागील नोंद : तो कोठें धांवला, कितवा आला, कोठें पडला, कोठें उडी नाकारून उभा राहिला. दुसरें अंतर : दोन मैलांचा चपळ घोडा चार मैलांस पुरत नाहीं. तिसरें जमीन : पावसानें चिखल झालेली जमीन एकास मानवते, दुसऱ्याचा दम काढते. चौथें स्वार, थकलेल्या घोड्यास कुंपणाशीं योग्य पावलावर आणणें हें त्याचें काम. पांचवें मागील शर्यतीनंतर मिळालेली विश्रांति व घोड्याचें वय. आणि सहावें, ज्याकडे नवशिका दुर्लक्ष करतो, तें वजन.

या शर्यतींत घोडे समान वजन घेऊन धांवत नाहींत. ज्याची मागील कामगिरी चांगली त्याजवर अधिक वजन, दुबळ्यावर कमी, अशी योजना असते. तिला हँडिकॅप म्हणतात. म्हणून नुसता निकाल वाचून घोडा कळत नाहीं. इ. स. १९७३ च्या नॅशनलमध्यें रेड रम जिंकला व क्रिस्प पाऊण अंगानें हरला. परंतु क्रिस्पवर १२ स्टोन आणि रेड रमवर १० स्टोन ५ पौंड वजन होतें. म्हणजे हरणारा तेवीस पौंड, सुमारें साडेदहा किलो, अधिक वाहत होता. त्या दिवसाचा श्रेष्ठ घोडा कोणता, याचें उत्तर निकालाच्या पहिल्या ओळींत नसून वजनाच्या रकान्यांत आहे. पुढील वर्षीं रेड रमवर १२ स्टोन चढविले, तरीही तो जिंकला. तेव्हां त्याची योग्यता निर्विवाद ठरली.

उड्यांचें गणित त्याहून सूक्ष्म आहे. समजा, एखादा घोडा शंभर उड्यांत नव्याण्णव नीट घेतो. एका कुंपणापुरता हा दोष नगण्य वाटतो. परंतु तीस कुंपणें ओळीनें निर्विघ्न पार होण्याचा संभव काढावयाचा तर नव्याण्णव शतांशांचा तीस वेळां गुणाकार करावा लागतो, आणि उत्तर येतें शंभरांत सुमारें ७४. दुसरा घोडा शंभरांत अठ्ठ्याण्णव उड्या नीट घेत असेल तर उत्तर शंभरांत ५५ च्या आंत येतें. एका उडींत एक शतांशाचा फरक, शर्यतीच्या शेवटीं वीस शतांशांचा होतो. वेगवान पण निष्काळजी घोड्यापेक्षां मध्यम पण भरंवशाचा घोडा लांबच्या शर्यतींत पुढें कां येतो, याचें हें कारण.

एवढें सर्व पाहूनही कांहीं भाग हिशोबाबाहेर राहतो. इ. स. १९६७ त तेविसाव्या कुंपणाशीं एक स्वार नसलेला घोडा आडवा आला व पुढील बहुतेक घोडे एकमेकांवर आदळून अडले. फार मागें असलेला फॉइनॅव्हन त्यांतून वाट काढून गेला व जिंकला. त्याचा भाव एकास शंभर होता. या निकालावरून पारख व्यर्थ ठरत नाहीं. शंभरांत एक म्हणजे शून्य नव्हे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

बाजारचे भावही डोळसपणें वाचले पाहिजेत. समजा चार घोड्यांचे भाव एकास एक, एकास दोन, एकास चार व एकास नऊ असे आहेत. त्यांतून निघणारे संभव शेंकडा ५०, ३३, २० व १० होतात, बेरीज ११३. खऱ्या संभवांची बेरीज शंभराहून अधिक होऊं शकत नाहीं. वरचे तेरा हा बुकीचा नफा. म्हणून सर्वांचा आवडता घोडा जिंकण्याजोगा असूनही पैजेस महाग असूं शकतो. आणि ज्याला स्वतःचा हिशोब नाहीं तो दर खेपेस हा नफा भरीत राहतो. यांत कित्येकांचे संसार बुडाले आहेत. मैदानावर किंमत याहून मोठी आहे : चुकलेल्या उडींत स्वाराची मान व घोड्याचा पाय मोडतो, आणि पाय मोडलेला घोडा बहुधा वांचत नाहीं.

पारख हें कौशल्य कीं द्यूत, हा वाद न्यायालयांतही गेला. मुंबई इलाख्यांत शर्यतीच्या मैदानांस परवाने देण्याचा कायदा इ. स. १९१२ त झाला. इ. स. १९९६ त तामिळनाडूच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. परंतु खेळांत कौशल्य आहे म्हणून पैज लावणाऱ्या प्रत्येकाच्या अंगीं तें येत नाहीं. भोंवरा, स्वप्न किंवा घोड्याचें गोड नांव पाहून पैसे लावणारा निर्णयापूर्वीं जेथें होता तेथेंच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास ही रीत परकी वाटूं नये. दहा तोंडांतून आलेली हकीकत म्हणजे दहा कुंपणें उडून आलेला घोडा. प्रत्येक सांगणारा बहुतेक खरा असला तरी शेवटल्या शब्दाचा भरंवसा त्या सर्वांच्या गुणाकाराइतकाच असतो. साक्षीदारानें काय सांगितलें याबरोबर तो कोणतें वजन वाहत होता, कोणाच्या पदरीं होता, हेंही पाहावें लागतें. आणि इतकें करूनही जें उरतें त्यास संभव म्हणावें, सिद्धांत म्हणूं नये. कोलशेतच्या धक्क्यावर उभें राहून पश्चिमेस घोडबंदराकडे पाहणाऱ्यास तें नांव मोहक वाटणें स्वाभाविक आहे. तो देवमण आहे. घोड्याची चाल मात्र कागदांत पाहावी लागेल.