कथालेखक आणि विद्यार्थी-वाचक : संबोधनाचा भाषिक विचार

एखादा कथालेखक विद्यार्थ्यांना जवळचा का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्याच्या विषयांत किंवा स्वभावात शोधले जाते. भाषेच्या अभ्यासकाला त्याआधी एक लहानसा प्रश्न विचारावा लागतो. तो लेखक वाचकाला कोणत्या सर्वनामाने हाक मारतो?

मराठीत या संदर्भात सर्वांत अभ्यसनीय उदाहरण साने गुरुजींचे होय. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक लिहीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा मोठा भाग लिहिला गेला व १९३५ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची प्रकरणे ‘रात्रीं’नी मोजलेली आहेत, कारण श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे श्रोता कथेच्या आतच बसलेला आहे आणि वाचक त्याच्या शेजारी जाऊन बसतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झालेल्या ‘साधना’ साप्ताहिकात पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे येऊ लागली, तेव्हा ही जवळीक आणखी वाढली. नाव एकीचे असले तरी वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला ते पत्र आपलेच वाटे.

ही जवळीक साधताना मराठीत एक अडचण असते. द्वितीय पुरुषाच्या एकवचनात क्रियापद अनेकदा वाचकाचे लिंग उघड करते. ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न मुलाला, तर ‘तू काय करतेस?’ हा मुलीला. सुधेला पत्र लिहिताना हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु अनोळखी विद्यार्थ्याला ‘तू’ म्हणणारा लेखक नकळत वर्गातील निम्म्या बाकांकडे पाठ फिरवू शकतो. ‘तुम्ही’ वापरल्यास क्रियापदाच्या बहुतेक रूपांत हा भेद मिटतो, पण ‘तू’मधील आपुलकीही त्याबरोबर जाते.

भाषेनेच यातून वाटा ठेवलेल्या आहेत. आज्ञार्थ (‘ऐक’, ‘पाहा’) आणि भविष्यकाळ (‘तू मोठा प्रवास करशील’) यांत क्रियापद वाचकाचे लिंग सांगत नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळाचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ‘तू घरी पोचलीस का?’ हे केवळ मुलीलाच विचारता येते; पण ‘तू ही गोष्ट वाचलीस का?’ हे मुलालाही विचारता येते. कारण तेथे ‘वाचलीस’मधील स्त्रीलिंग वाचकाचे नसून ‘गोष्ट’ या कर्माचे आहे. प्रत्यय दिसायला तोच, परंतु त्याची निष्ठा निराळी.

सर्वांत व्यापक वाट ‘आपण’ या सर्वनामाची. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. ‘आम्ही ही गोष्ट पुढे नेऊ’ म्हणणारा लेखक व्यासपीठावर उभा असतो, ‘आपण ही गोष्ट पुढे नेऊ’ म्हणणारा सतरंजीवर बसलेला असतो. मात्र हेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषी झाले, की ‘आपण ही कथा वाचावी’ या वाक्यात पुन्हा अंतर निर्माण होते.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या भेदाला आज विशेष महत्त्व आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे कारखान्यांबरोबर वस्ती वाढत गेली व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि उत्तर भारत येथून आलेल्या कुटुंबांची मुले आज एकाच वर्गात शेजारी बसतात. प्रमाण हिंदीतील ‘हम’ या एकाच सर्वनामात ‘आम्ही’ व ‘आपण’ हे दोन्ही अर्थ येतात. त्यामुळे हिंदी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला हा भेद नव्याने शिकावा लागतो. तो व्याकरणाच्या नियमापेक्षा गोष्टीतून सहज शिकता येतो. कारण गोष्टीत त्याला आपण आत आहोत की बाहेर, हे लगेच उमगते.

अमळनेरची परिस्थिती अगदीच निराळी नव्हती. खानदेशातील अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाई, आणि गुरुजी कोकणातील पालगडचे. दोघांच्या बोली वेगळ्या असताना साधी, बोलण्याजवळची प्रमाण मराठी त्यांच्यामधला पूल झाली.

आज विद्यार्थी कथा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचतो व लेखकाला क्षणात उत्तरही पाठवतो. पूर्वी पत्राला लागणारे दिवस वाचले. पण साधन बदलल्याने संबोधनाचा प्रश्न सुटत नाही. चिंचवडच्या एखाद्या चाळीत बसून वाचणाऱ्या मुलीने उत्तर लिहावे असे वाटत असेल, तर आधी लेखकाच्या वाक्यात तिला जागा असली पाहिजे. ‘करतोस’ या एका रूपाने ती जागा नाकारली जाते, ‘आपण’ या एका शब्दाने ती मिळते.