काळोखात कॅमेऱ्याला तुम्ही कसे दिसता?

डिसेंबरची रात्र, मालवणचं रॉक गार्डन. सूर्यास्त बघायला आम्ही अकरा जण गेलो होतो, परत निघताना दहाच निघालो. अकराव्याचा फोन लागेना. भरती चढत होती. मग आम्ही काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. दहा मोबाइलचे दहा टॉर्च लावले आणि दहा दिशांना ओरडत सुटलो. अर्धा तास गेला. हाती शून्य.

शेवटी जवळच राहणारे एक काका आले. वय सत्तरीच्या पुढचं, आयुष्य मासेमारीत गेलेलं. आमचा गोंधळ बघून म्हणाले, "आधी ते बॅटरे बंद करा. आनि वायच गप रवा."

आम्ही टॉर्च बंद केले. पाचेक मिनिटांत डोळ्यांना काळोख सरावला. मग एका खडकामागे निळसर उजेडाचा अगदी बारीक ठिपका दिसला. मित्राच्या हातातलं डिजिटल घड्याळ होतं ते. फोन पाण्यात पडलेला, पाय मुरगळलेला, आणि ओरडून ओरडून घसा बसलेला. लाटा त्याच्यापासून दोन हातांवर होत्या.

तो आज ठणठणीत आहे, म्हणून हे लिहू शकतेय. पण त्या रात्री घरी जाताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : "थर्मल ड्रोन असता तर दोन मिनिटांत सापडला असता." खरंच सापडला असता का? मी वाचत गेले, आणि उत्तर वाटलं तितकं सोपं निघालं नाही.

दोन कॅमेरे, दोन वेगळ्या गोष्टी

सिनेमात हिरवं चित्र दिसलं की आपण 'नाइट व्हिजन' म्हणतो आणि लाल-पिवळा माणूस दिसला की 'थर्मल'. दोन्ही एकच, असं वाटत असेल तर थांबा.

नाइट व्हिजन उजेडावर चालतं. चांदण्यांचा, दूरच्या गावातल्या दिव्यांचा जो काही इवलासा प्रकाश असतो, तो हजारो पटींनी वाढवून ते दाखवतं. उजेड अजिबातच नसेल, तर वाढवायला काही उरत नाही. पण याचा फायदा काय, तर पेटती सिगारेट किंवा मोबाइलची स्क्रीनही त्यात लांबून चमकते. काकांनी आमच्या डोळ्यांचं तेच केलं होतं. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक टॉर्च तोंडावर आला की सगळी मेहनत वाया.

थर्मल कॅमेऱ्याला उजेड लागतच नाही. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या रंगांचं तापमान मोजलं. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. तेच हे अवरक्त किरण. तुमच्या-माझ्या अंगातून ते सतत बाहेर पडत असतात. थर्मल कॅमेरा ते पकडतो आणि आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा तुम्ही किती गरम किंवा थंड आहात, ते दाखवतो.

'आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा' हे शब्द लक्षात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

कोकणात कॅमेरा का फसतो?

दिवसभर तापलेला आपला कातळ सूर्य बुडाल्यावर लगेच थंड होत नाही. संध्याकाळी कॅमेऱ्यात सडाही गरम, माणूसही गरम, आणि मध्येच बसलेलं कुत्रंही गरम. म्हणून अशा शोधासाठी पहाटेची वेळ चांगली. तोवर दगड थंड झालेला असतो आणि माणूस उठून दिसतो. आमचा मित्र रात्री, खडकाच्या आडोशाला होता. वरून ड्रोन गेला असता, तरी तो पटकन ओळखता आला असता याची खात्री नाही.

पाणी तर भिंतच. थर्मल कॅमेऱ्याला पाण्याखालचं काही दिसत नाही. बुडत्या माणसाचं फक्त डोकं दिसणार, तेही ओलं. आता गणित करा. चांगल्या ड्रोनच्या थर्मल सेन्सरमध्ये ६४० गुणिले ५१२ ठिपके असतात. शंभर मीटर उंचीवरून असा एक ठिपका साधारण चौदा सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे समुद्रातलं तुमचं डोकं स्क्रीनवर फार तर एक-दोन ठिपके. लाट आली की तेही गायब.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते. रात्रभर खवळलेल्या पाण्यात नौदलाच्या जहाजांनी शोध घेतला आणि १८६ जण वाचले. लाइफ जॅकेटशिवाय त्या पाण्यात शोध लागेपर्यंत तरंगत राहणं कुणाला जमलं असतं?

आंबोलीत वेगळीच अडचण. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि दरीत भरलेलं धुकं. दाट धुकं आणि पाऊस अवरक्त किरणही अडवतात. गर्द झाडीही तेच करते.

मग उपयोग काय?

उपयोग आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा वन विभागाने रात्रीच्या शोधात थर्मल ड्रोन उतरवले. उसाच्या फडाजवळ काळोखात पायी बिबट्या शोधणं म्हणजे जिवाशी खेळच.

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांचा संशयित असाच सापडला. अंगणात झाकून ठेवलेल्या बोटीत तो लपला होता आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरवरच्या थर्मल कॅमेऱ्याने त्याला पातळ प्लास्टिकमधून टिपलं. पण हेलिकॉप्टर तिथे आलं कशामुळे? बोटीचं आवरण विस्कटलेलं घरमालकाला दिसलं, त्याने आत डोकावलं आणि पोलिसांना फोन केला. कुठे बघायचं, हे आधी माणसानेच सांगितलं.

म्हणून, तुमच्यासाठी

रात्री किनाऱ्यावर किंवा घाटात अडकलात, तर शोधणाऱ्यांचं काम सोपं करा. हरवल्याचं कळलं की जागा सोडू नका. शक्य असेल तर झाडाखालून आणि कपारीतून बाहेर या, पण भरतीची रेषा सोडून वर. थंडीसाठी चमकता फॉइल ब्लँकेट गुंडाळलात, तर चेहरा उघडा ठेवा, कारण ते अंगाची उष्णता आत अडवतं आणि कॅमेऱ्यापासून तुम्हालाच लपवतं. फोनची बॅटरी व्हिडिओवर घालवू नका. हेलिकॉप्टर किंवा माणसांचा आवाज आला की स्क्रीन त्या दिशेला धरा. बॅगेत शिट्टी ठेवा, घसा बसतो, शिट्टी बसत नाही.

आणि तुम्ही शोधणाऱ्यांत असाल, तर आधी ११२ ला फोन करा. समुद्रात कुणी अडकलं असेल, तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. माणूस शेवटचा कुठे दिसला, किती वाजता, अंगावर काय होतं, हे एकाने नीट सांगा. बाकीच्यांनी टॉर्च बंद करून कान उघडे ठेवा.

आमचा ग्रुप अजूनही रॉक गार्डनला जातो. फरक एवढाच की आता निघताना आम्ही डोकी मोजतो. आणि अकराव्याच्या गळ्यात शिट्टी असते. दहा रुपयांची, जत्रेतली.