नाकातून आलेला चहा

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी दाताचे दुखणे मांडणे शिष्टसंमत नव्हे. पण गेल्या दिवाळीत घरची मंडळी चकल्या फोडत होती आणि मी पातळ भात गिळत होतो, तेव्हा वाचकांनी एवढे चालवून घ्यावे.

त्याचे असे झाले. वरची उजवी दाढ किडली, ती मी शहरातल्या एका दवाखान्यात काढून घेतली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहाचा घोट घेतला, तो थेट नाकपुडीतून बाहेर! आमचा शिपाई बघतच राहिला.

"सर, चहा नाकानं पिता काय जी?"

मी हसण्यावारी नेले. वर्गात मात्र हसता येईना. वीस वर्षे मी मुलांना शिकवतो, की ङ, ञ, ण, न, म म्हणताना हवा नाकावाटे जाते. आता माझा साधा 'प'देखील नाकातून निसटू लागला आणि पहिल्या बाकावरची मुले माना खाली घालून खुदखुदू लागली. मास्तराचे पोट आवाजावर! लाजेपायी दोन महिने दडवले. मग गाल जड झाला, तोंडाला घाण येऊ लागली. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, आता तुम्ही दाखवता, की मीच जाऊन विचारू?"

हिंगण्याच्या बाजूला राहण्याचा एक फायदा आहे. दंतमहाविद्यालये दोन, एक डिगडोहच्या टेकडीवर, दुसरे वानाडोंगरीला. त्यांपैकी एकात गेलो. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला सांगितले. दाढेच्या खड्ड्यात बुडबुडे आले.

गालाच्या हाडात एक पोकळी असते, साधारण 15 मिलिलिटर हवा मावेल एवढी. वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाला भिडलेली असतात. मध्ये हाडाचा पापुद्रा, कधी तोही नाही. दाढ निघताना तो फुटतो, आणि त्यात काढणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. (त्या दवाखान्याला मनातल्या मनात जे बोललो होतो, ते तिथेच परत घेतले.) दोनेक मिलिमीटरचे भोक रक्ताच्या गुठळीने आपोआप बुजते. पाचाहून मोठे असले तर बहुधा शिवावे लागते. आणि काही आठवडे तसेच राहिले, की त्याला आतून अस्तर धरते. मग ते आपण होऊन मिटत नाही. माझे दोन महिने असे नडले.

हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने 1651 मध्ये या पोकळीचे वर्णन केले. सुळा काढलेल्या एका बाईने त्या भोकात पिसाची काडी घातली, ती इतकी आत गेली की मेंदूलाच पोचली असे वाटून बाई घाबरली, असे तो सांगतो. खरे सांगतो, माझ्याही मनात तेच होते.

आधी पोकळी धुऊन पू काढला, औषधे दिली. मग शस्त्रक्रिया. गालाकडच्या हिरडीचा पदर ओढून भोकावर शिवायची रीत 1936 पासूनची, रेरमान यांची. पण तिने गाल आणि हिरडी यांमधली खाच उथळ होते, पुढे कवळी नीट बसत नाही. टाळूचा तुकडा वळवूनही भोक झाकतात. माझ्या बाबतीत गालातली चरबीची गादी पुढे ओढून भोकावर बसवली. ही युक्ती एगेदी यांनी 1977 मध्ये मांडली. चरबी आपला रक्तपुरवठा बरोबर घेऊन येते आणि तीन-चार आठवड्यांत तिच्यावर तोंडाची त्वचा चढते. भूल जागेपुरतीच होती, म्हणून सगळे बोलणे ऐकू येत होते.

पथ्ये विचित्र. नाक शिंकरायचे नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, नळीने काही ओढून प्यायचे नाही, तंबाखू वर्ज्य. शेजारच्या रुग्णाने काकुळतीने विचारले, "खर्रा थोडासाही नाही काय?" नागपूरकडे याहून कठीण पथ्य नाही.

त्याच बाकावर एक शेतकरी बसत. 2021 मध्ये करोनामागून आलेल्या काळ्या बुरशीने त्यांचा वरचा जबडा गेला होता. ते कृत्रिम टाळू घट्ट करून घ्यायला येत आणि ती बसवली की माझ्याहून स्वच्छ बोलत. माझे भोक केवढेसे, हे मला तिथे कळले.

महिन्याभराने बाईंनी पुन्हा नाक धरून फुंकायला लावले. बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा मागवला. कप ठेवून शिपाई गेला नाही; माझ्या नाकाकडे बघत तसाच उभा राहिला.