ठणका थांबला, रोग नाही

उमरखेडच्या कापूस उत्पादकाला गुलाबी बोंडअळी चांगली ठाऊक. बोंड वरून हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. किडक्या दाढेचे तसेच. फक्त तिथे अळी नसते, जंतू असतात. ते आतल्या शिरेपर्यंत पोचले की ठणका लागतो.

मी लवंग दाबून दिवस काढले. ठणका थांबला, वाटले बरे झाले. प्रत्यक्षात शीर मेली होती. पुढे गाल सुजला, दाढ काढावी लागली.

वेळीच गेलो असतो तर ‘रूट कॅनाल’ने ती वाचली असती. यात दंतवैद्य जागा बधिर करून सडलेला गाभा काढतात, मुळातल्या नळ्या धुऊन त्यांत झाडाच्या चिकापासून बनलेला गटापर्चा भरतात, वर टोपी बसवतात. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही हे उपचार होतात.

बंधू-भगिनींनो, दाढ ठणकताच दाखवा.